टॉम ब्लेक

थॉमस एडवर्ड ब्लेक, प्रचलित नाव टॉम ब्लेक (८ मार्च १९०२ – ५ मे १९९४), हे अमेरिकन जलतरणपटू, जीवरक्षक, छायाचित्रकार, लेखक आणि सर्फबोर्डचे रचनाकार होते. लाटेवर फळीच्या आधाराने आरूढ होण्याच्या सर्फिंग या हवाईयन क्रीडाप्रकाराच्या आधुनिक इतिहासात त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते. भरीव लाकडाच्या अवजड फळीऐवजी आतून पोकळ, हलकी फळी त्यांनी तयार केली आणि तिचे पेटंट मिळवले. फळीच्या तळाला स्थिरपंख बसवण्याचा पहिला यशस्वी प्रयोगही त्यांच्याच नावावर आहे. पोकळ फळी घरी कशी बांधावी, याचे आराखडे त्यांनी लोकप्रिय नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावरील मोजक्या कारागिरांपुरती मर्यादित असलेली ही विद्या सुतारकामाची साधी हत्यारे बाळगणाऱ्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

बालपण

ब्लेक यांचा जन्म अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे झाला. ते वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांच्या आईचे क्षयरोगाने निधन झाले आणि त्यांचे पालनपोषण नातेवाइकांकडे झाले. सुपीरियर सरोवराच्या काठावरील वॉशबर्न या गावात त्यांच्या बालपणाचा मोठा काळ गेला. थंड पाण्याचे विस्तीर्ण सरोवर, भोवतालची अरण्ये आणि दीर्घ हिवाळा या परिसरात एकटे राहण्याची आणि स्वतःच्या हातांनी वस्तू घडवण्याची सवय त्यांना लागली. ती पुढे आयुष्यभर टिकली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शाळा बंद पडली आणि ब्लेक यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. त्यानंतर पोटासाठी मिळेल ते काम करीत ते गावोगावी फिरत राहिले.

ड्यूक काहानामोकू यांची भेट

१९२० मध्ये डेट्रॉइट येथील एका चित्रपटगृहात ब्लेक यांची हवाईचे विख्यात जलतरणपटू ड्यूक काहानामोकू (१८९०–१९६८) यांच्याशी अकस्मात भेट झाली. काहानामोकू त्या वेळी अँटवर्प ऑलिंपिकमधील सुवर्णपदके जिंकून परतत होते. ही भेट हस्तांदोलनापुरतीच होती, परंतु अठरा वर्षांच्या ब्लेक यांच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला. पुढील काळात दोघांचा स्नेह जुळला आणि तो दीर्घकाळ टिकला.

जलतरण आणि कॅलिफोर्नियातील वास्तव्य

१९२१ मध्ये ब्लेक लॉस एंजेलिसला गेले व तेथील लॉस एंजेलिस अ‍ॅथलेटिक क्लबतर्फे स्पर्धांत उतरू लागले. कोणतेही शास्त्रशुद्ध प्रशिक्षण नसताना त्यांनी अल्पावधीत प्रगती केली आणि १९२२ मध्ये फिलाडेल्फिया येथे झालेली दहा मैलांची राष्ट्रीय खुली जलतरण शर्यत जिंकली. सँटा मोनिका परिसरात त्यांनी जीवरक्षक म्हणून नोकरी केली. चित्रपटांत धाडसी प्रसंगांसाठी बदली कलाकाराचे कामही त्यांनी काही काळ केले. १९२५ मध्ये त्यांचा विवाह झाला, परंतु तो फार काळ टिकला नाही. त्यानंतर ते एकटेच राहिले.

फळीवर उभे राहण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. १९२४ मध्ये ते प्रथम हवाईला गेले आणि तेथून सर्फिंगला त्यांनी स्वतःला वाहून घेतले. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम रीड या सहकाऱ्यासह त्यांनी कॅलिफोर्नियातील मालिबू येथील लाटांवर सर्फिंग केले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या या ठिकाणी सर्फिंग करणारे ते दोघे पहिले मानले जातात. १९२८ मध्ये कोरोना डेल मार येथे झालेल्या पहिल्या पॅसिफिक कोस्ट सर्फिंग अजिंक्यपद स्पर्धेचे विजेतेपद ब्लेक यांना मिळाले.

तत्कालीन फळ्यांचे स्वरूप

ब्लेक यांनी सर्फिंग सुरू केले तेव्हा वापरातली फळी म्हणजे रेडवूड किंवा तत्सम लाकडाचा एक भरीव तक्ता असे. तिची लांबी सुमारे १० फूट आणि वजन ७५ ते १०० पौंड, म्हणजे ३४ ते ४५ किलोग्रॅम असे. तक्ता तासून, रंध्याने गुळगुळीत करून त्यावर वॉर्निशचे हात दिले जात. वाळूवर ओढताना, खडकाला घासताना किंवा दुसऱ्या फळीवर आदळताना वॉर्निशला चीर पडली की लाकूड पाणी पिऊ लागे आणि मुळातच जड असलेली फळी आणखी जड होई. समुद्रकिनाऱ्यापर्यंत फळी वाहून नेणे हेच शक्तीचे काम असल्याने हा खेळ धडधाकट तरुण पुरुषांपुरता उरला होता.

बिशप संग्रहालयातील अभ्यास

होनोलुलू येथील बिशप संग्रहालयात हवाईच्या जुन्या राजवटीतील फळ्या जतन केलेल्या आहेत. त्यांपैकी सरदार अब्नर पाकी यांच्या दोन 'ओलो' फळ्यांनी ब्लेक यांचे लक्ष वेधले. ओलो हा सरदारवर्गाच्या वापरातील लांब फळीचा प्रकार होता. पाकी यांच्या फळ्या सुमारे १६ फूट लांब असून प्रत्येकीचे वजन ७० किलोग्रॅमच्या आसपास होते. बराच काळ दुर्लक्षित राहिलेल्या या फळ्या दुरुस्त करण्याची परवानगी ब्लेक यांनी संग्रहालयाकडून मिळवली. दुरुस्तीच्या निमित्ताने फळीची जाडी, कडांचा गोलवा, तळाचा उठाव आणि टोकाकडील निमुळतेपणा त्यांना हाताने चाचपून पाहता आला. त्यांचे पुढील सर्व काम या अभ्यासावर उभे राहिले.

फळी घडवण्याच्या व तिचा पृष्ठभाग सिद्ध करण्याच्या जुन्या हवाईयन पद्धतीचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या वृत्तांतांतून मिळते. त्यासाठी प्रामुख्याने तीन झाडांचे लाकूड वापरत. 'कोआ' हे बाभळीच्या गोतातील, 'विलीविली' हे आपल्याकडील पांगाऱ्याच्या प्रजातीतील, तर 'उलू' म्हणजे कोकणात परिचित असलेला नीरफणस. झाड तोडण्यापूर्वी मुळाशी मासा अर्पण करून प्रार्थना केली जाई. दगडी तासणीने फळीला ओबडधोबड आकार दिल्यावर तासणीचे वण घालवण्यासाठी खरखरीत पोवळ्याने व नंतर घासण्याच्या दगडाने ती घोटली जाई.

त्यानंतर रंगकाम होई. कॉर्डिलाइन जातीच्या एका झुडपाच्या मुळांचा रस, कुकुई वृक्षाच्या सालीचा रस किंवा जाळलेल्या कुकुई बियांची काजळी लावून फळीला गडद, बहुधा काळा, रंग दिला जाई. कुकुई म्हणजे आपल्याकडे जंगली अक्रोड म्हणून ओळखला जाणारा वृक्ष होय. शेवटी कुकुईचेच तेल चोळून फळीला तकाकी आणत. वापरानंतर फळी उन्हात वाळवून तिला खोबरेल तेल लावत आणि सालीच्या कापडात गुंडाळून घरात टांगून ठेवत. रंग व तेल यांमुळे फळी सुंदर दिसे, तसेच लाकडाची छिद्रे बुजून पाणी बाहेर राही. हलक्या व सच्छिद्र विलीविलीच्या फळीला ही निगा विशेष आवश्यक होती.

पोकळ फळीची निर्मिती

ओलोची लांबी व डौल कायम ठेवून वजन कमी कसे करावे, हा प्रश्न ब्लेक यांच्यापुढे होता. १९२६ च्या सुमारास त्यांनी त्यावर पहिला उपाय केला. रेडवूडच्या जाड तक्त्याला त्यांनी वरून खालपर्यंत आरपार अशी शेकडो भोके पाडली, लाकूड महिनाभर वाळू दिले आणि नंतर दोन्ही बाजूंनी पातळ लाकडी पत्रा चिकटवून भोके बंद केली. तयार झालेली फळी सुमारे १५ फूट लांब, १९ इंच रुंद आणि ४ इंच जाड होती. तिचे वजन बरेच कमी भरले. त्या लांबीच्या भरीव फळीच्या मानाने ही मोठी घट होती.

पुढच्या टप्प्यात त्यांनी भोके पाडण्याची पद्धत सोडून दिली. नावेप्रमाणे आडव्या फासळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर वरून व खालून पातळ लाकडाचे आवरण बसवण्याची रीत त्यांनी अवलंबली. ही फळी लाकूड कोरून घडवलेली नव्हती, तर सुटे भाग जोडून बांधलेली होती. त्यामुळे एकसंध, मोठा व निर्दोष तक्ता मिळवण्याची गरज उरली नाही. वजन आणखी कमी झाले आणि पाण्यावर तरंगण्याची क्षमता वाढली.

शर्यती आणि वाद

१९२९ च्या अखेरीस व १९३० च्या आरंभी होनोलुलूमधील अला वाई कालव्यात झालेल्या वल्हवण्याच्या शर्यतींत ब्लेक लांब, निमुळती पोकळ फळी घेऊन उतरले. फळीवर पालथे पडून किंवा गुडघे टेकून दोन्ही हातांनी पाणी मारत अंतर कापणे, असे या शर्यतींचे स्वरूप होते. ब्लेक यांनी इतरांना मोठ्या अंतराने मागे टाकले. तथापि या विजयावरून नाराजी निर्माण झाली. भरीव फळी व पोकळ फळी यांना एकाच शर्यतीत उतरवणे न्याय्य नाही आणि हा विजय खेळाडूचा नसून साधनाचा आहे, असा आक्षेप घेतला गेला. हवाईच्या परंपरेवर प्रेम करणाऱ्या व तेथील जुन्या फळ्यांपासूनच प्रेरणा घेतलेल्या ब्लेक यांना हा आक्षेप लागला. मात्र अल्पावधीतच त्यांचे प्रतिस्पर्धीही पोकळ फळ्या वापरू लागले.

१९३२ मध्ये ब्लेक यांनी पीट पीटरसन व वॉली बर्टन या दोन जीवरक्षकांसह कॅलिफोर्नियाच्या मुख्य भूमीपासून कॅटालिना बेटापर्यंतचे सुमारे २६ मैलांचे सागरी अंतर फळीवरून वल्हवत पार केले. ब्लेक सर्वांत आधी, सहा तासांच्या आत, पोहोचले. बांधलेली पोकळ फळी खुल्या समुद्रात तासन् तास टिकू शकते, हे या प्रवासाने सिद्ध झाले. पुढे जीवरक्षकांच्या पथकांनी बचावकार्यासाठी ही फळी स्वीकारली. बुडणाऱ्या माणसाला आधार देऊन तरंगत ठेवण्याइतकी तिची क्षमता होती आणि पोहत जाण्यापेक्षा तिच्यावरून जीवरक्षक अधिक वेगाने पोहोचत असे.

पेटंट आणि उत्पादन

ब्लेक यांनी १९३१ मध्ये पोकळ फळीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १६ ऑगस्ट १९३२ रोजी त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यात या साधनाला पाण्यावरील घसरगाडी या अर्थाचे नाव दिलेले आहे. कॅलिफोर्नियातील व्हेनिस येथील थॉमस रॉजर्स कंपनीने व त्यानंतर अन्य उत्पादकांनी ब्लेक यांच्या रचनेच्या फळ्या तयार करून विकल्या. त्यांत लॉस एंजेलिस लॅडर कंपनी ही शिड्या बनवणारी कंपनीही होती.

या उत्पादनातून ब्लेक श्रीमंत झाले नाहीत. मंदीच्या काळात तयार फळी विकत घेणे अनेकांना परवडत नव्हते आणि रचना एकदा कळली की ती घरी उतरवणे अवघड नव्हते. ब्लेक यांनीही ही विद्या झाकून ठेवली नाही.

घरगुती बांधणीचे आराखडे

१९३७ मध्ये पॉप्युलर मेकॅनिक्स या अमेरिकन मासिकात ब्लेक यांच्या पोकळ फळीचा आराखडा बांधणीच्या सूचनांसह प्रसिद्ध झाला. १९३९ मध्ये पॉप्युलर सायन्स या मासिकातही या फळीविषयी लेख आला. घरच्या पडवीत किंवा गॅरेजमध्ये सुतारकाम करणारा हौशी वाचकवर्ग या मासिकांना लाभलेला होता. त्यामुळे जेथे सर्फिंग कोणी पाहिलेलेही नव्हते, अशा ठिकाणीही फळ्या तयार होऊ लागल्या. ब्राझीलमधील सांतुस या बंदरात ओसमार गोन्साल्विस व त्यांच्या मित्रांनी १९३८ च्या सुमारास अशाच आराखड्यावरून फळी बांधली. त्या देशातील सर्फिंगच्या आरंभकाळातील ही महत्त्वाची घटना मानली जाते.

बांधणी

या प्रकारच्या फळीच्या बांधणीची सर्वसाधारण रीत पुढीलप्रमाणे होती. प्रथम दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या व मधल्या आडव्या फासळ्या जोडून सांगाडा तयार करीत. तळाचे प्लायवुड सांगाड्यावर पाण्यात न विरघळणाऱ्या सरसाने चिकटवून, जवळजवळ अंतरावर पितळी स्क्रूंनी आवळत. लोखंडी स्क्रू खाऱ्या पाण्यात गंजून लाकडावर डाग पाडतात व सैल होतात, म्हणून ते टाळले जात. वरचे आवरण बसवण्यापूर्वी आतील लाकडालाही वॉर्निश किंवा रंग देणे हिताचे असे, कारण फळी बंद झाल्यावर तेथे कुंचला पोहोचत नाही. फळीच्या एका टोकाजवळ पाणी काढण्यासाठी लहान छिद्र ठेवून त्याला पितळी बूच बसवत.

रंगकाम व वॉर्निश

भरीव फळीवरील वॉर्निश खराब झाले तर फळी जड होई. पोकळ फळीच्या बाबतीत धोका अधिक होता. तिच्या सांध्यातून पाणी आत शिरले की ते पोकळीत हेलकावे खात एका टोकाकडे धावे. त्यामुळे फळीचा तोल जाई आणि किनाऱ्यापासून दूर असलेल्या माणसाची तरंगण्याची साधनसामग्रीच निकामी होई. म्हणून घरी फळी बांधणाऱ्यासाठी शेवटचा हात हा शोभेचा भाग नव्हता. सुरक्षितता त्यावरच अवलंबून होती.

त्याची सुरुवात कुंचला हाती घेण्यापूर्वीच होई. स्क्रूंची डोकी लाकडात किंचित खोल बसवून वरचे खळगे लांबीने भरत. सांध्यांतून बाहेर आलेला सरस खरवडून काढत, कारण सरसाच्या डागावर वॉर्निश धरत नाही. मग कडा रंध्याने गोलाकार करून सर्व पृष्ठभाग प्रथम जाड व नंतर बारीक पॉलिश कागदाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, घासून घेत. आडवे घासल्यास पडलेले ओरखडे वॉर्निशखाली अधिकच उठून दिसतात. धूळ ओलसर फडक्याने टिपून फळी पूर्ण वाळू देत.

वॉर्निश जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी वापरतात त्या प्रकारचे असे. घरातील लाकडी सामानाचे वॉर्निश कडक होऊन तडकते. जहाजी वॉर्निशमध्ये तेलाचे प्रमाण अधिक असल्याने ते लवचीक राहते आणि ऊन व खारे पाणी सोसते. पहिला हात टर्पेंटाइनने पातळ करून देत, म्हणजे तो लाकडात मुरतो. त्यापुढील हात घट्ट वॉर्निशचे पण पातळ थराचे असत. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर बारीक कागदाने हलकेच घासून मगच पुढचा हात दिला जाई. असे घासल्याने पुढचा थर आधीच्या थराला धरून बसतो. घाईने दिलेला जाड थर वरून वाळतो व आतून चिकट राहतो, आणि दमट हवेत दिलेला थर धुरकट पडतो. कडा, टोके व बुचाभोवतीची जागा यांना एखादा हात जादा दिला जाई, कारण पाणी प्रथम तेथेच शिरते. काही जण वॉर्निशऐवजी किंवा वॉर्निशखाली तैलरंगाचे पट्टे व नक्षी काढीत. गडद रंग उन्हात अधिक तापतो, त्यामुळे पोकळ फळीसाठी फिका रंग अधिक सोयीचा ठरतो.

निगा

पोकळ फळीतील हवा उन्हात तापून प्रसरण पावते आणि सांध्यांवर आतून दाब आणते. तीच फळी थंड पाण्यात टाकली की हवा आकुंचन पावून सूक्ष्म फटींतून पाणी आत ओढले जाते. या कारणाने किनाऱ्यावर आल्यावर बूच काढून फळी सावलीत तिरपी ठेवणे व पाण्यात जाण्यापूर्वी बूच घट्ट लावणे, ही सवय आवश्यक होती. हंगामाच्या अखेरीस जुने वॉर्निश घासून नवा हात दिला जाई. वॉर्निश केलेला पृष्ठभाग ओला झाल्यावर पाय घसरत असे. त्यावर पॅराफिन मेण चोळण्याची पद्धत कॅलिफोर्नियात १९३० च्या दशकात रुजू लागली आणि ती अन्य स्वरूपात आजही प्रचलित आहे.

स्थिरपंख

लांब, सपाट तळाची फळी उभ्या लाटेच्या उतारावर मागील बाजूने आडवी घसरत असे. तिला वळवण्यासाठी पाय पाण्यात ओढावा लागे. १९३५ मध्ये ब्लेक यांनी एका टाकून दिलेल्या वेगवान मोटारबोटीच्या तळाचा धातूचा पंख काढून तो आपल्या फळीच्या शेपटाकडील तळाला बसवला. सुमारे एक फूट लांब व चार इंच खोल असलेल्या या पंखामुळे फळीचे मागील टोक पाण्यात धरून राहिले आणि ती हव्या त्या दिशेने नेणे सुलभ झाले. इतर सर्फिंगपटूंनी ही कल्पना लगेच स्वीकारली नाही आणि तिचा प्रसार होण्यास सुमारे एक दशक लागले. आज मात्र जवळजवळ प्रत्येक सर्फबोर्डला एक किंवा अधिक पंख असतात.

छायाचित्रण आणि लेखन

१९२९ च्या सुमारास ब्लेक यांनी काहानामोकू यांच्याकडून एक कॅमेरा विकत घेतला आणि त्यासाठी पाणी आत न शिरणारी पेटी स्वतः तयार केली. त्यापूर्वी सर्फिंगची छायाचित्रे किनाऱ्यावरून किंवा होडीतून काढली जात. ब्लेक फळीवरूनच, लाटेच्या अगदी जवळून, ती टिपू लागले. त्यांची छायाचित्रे १९३५ मध्ये नॅशनल जिओग्राफिक मासिकात प्रसिद्ध झाली आणि त्यांपासून प्रेरणा घेऊन अनेक तरुण या क्षेत्राकडे वळले.

त्याच वर्षी होनोलुलू येथून त्यांचे 'हवाईयन सर्फबोर्ड' हे पुस्तक प्रकाशित झाले. केवळ सर्फिंगला वाहिलेल्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. सर्फिंगच्या प्राचीन कथा, जुन्या फळ्यांची माहिती व तत्कालीन सर्फिंगपटूंच्या नोंदी त्यात एकत्र आलेल्या आहेत.

मर्यादा व उतरता काळ

ब्लेक यांच्या पोकळ फळीवर टीकाही झाली. ती सरळ रेषेत वेगाने जाई, परंतु चपळ वळणे घेण्यास अनुकूल नव्हती. कुशल सर्फिंगपटूंनी तिला सिगार ठेवण्याच्या लाकडी खोक्याची उपमा दिली आणि नवशिक्यांची पेटी अशा अर्थाचे थट्टेचे नावही तिला मिळाले. या थट्टेतच तिचे सामर्थ्यही सूचित होते. हलकी, भरपूर तरंगणारी आणि घरी बांधता येणारी असल्यामुळेच ती नवशिक्यांच्या हाती पोहोचली होती. ऑस्ट्रेलियात तिची लांब, निमुळती रूपे दात कोरण्याच्या काडीच्या नावाने ओळखली जात. तेथील जीवरक्षक मंडळांत ती १९५० च्या दशकापर्यंत वापरात होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व रासायनिक राळ ही नवी सामग्री उपलब्ध झाली. बॉब सिमन्स (१९१९–१९५४) आदी कारागिरांनी हलक्या बाल्सा लाकडावर काचतंतूंचे कापड राळेने बसवण्याची पद्धत रूढ केली. काचतंतूंचे आवरण एकसंध असल्याने सांधे व स्क्रू यांचा प्रश्नच उरला नाही. त्यामुळे वॉर्निश केलेली पोकळ फळी हळूहळू मागे पडली. तथापि पृष्ठभाग घासणे, पातळ थर देणे, तो सुकू देणे आणि पुन्हा घासणे ही कामाची शिस्त नव्या पद्धतीतही कायम राहिली.

उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धात ब्लेक यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलात सेवा केली. युद्धानंतर ते हवाई व मुख्य भूमीवरील विविध किनाऱ्यांवर राहिले आणि जीवरक्षकाचे काम करीत राहिले. ते शाकाहारी होते व त्यांची राहणी अत्यंत साधी होती. मोजके कपडे, हत्यारे, पुस्तके आणि फळी एवढाच त्यांचा संसार असे. १९५० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी हवाई सोडले. काही वर्षांच्या भ्रमंतीनंतर १९६७ मध्ये ते बालपणीच्या विस्कॉन्सिनला परतले.

निसर्ग आणि ईश्वर हे एकच आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती. तिचे विवेचन त्यांनी १९६९ मध्ये एका सर्फिंगविषयक नियतकालिकातील निबंधात केले. याच आशयाची अक्षरे त्यांनी विस्कॉन्सिनमधील वालुकाश्माच्या कड्यावर कोरून ठेवली. ५ मे १९९४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, विस्कॉन्सिन राज्यातच त्यांचे निधन झाले.

सन्मान आणि वारसा

१९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय जलतरण कीर्तिदालनात ब्लेक यांचा समावेश करण्यात आला. २००१ मध्ये गॅरी लिंच व माल्कम गॉल्ट-विल्यम्स यांनी लिहिलेले त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध झाले.

ब्लेक यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना स्थिरपंख हा त्यांचा सर्वांत टिकाऊ शोध म्हटला जातो, कारण पोकळ लाकडी फळीची जागा नंतर अन्य साहित्याने घेतली. परंतु पोकळ फळीचा परिणाम तिच्या आयुष्याहून मोठा ठरला. संग्रहालयातील सरदारांच्या फळीचा आकार त्यांनी सामान्य माणसाच्या पडवीपर्यंत आणला आणि ती पाण्यात कशी टिकवावी, हेही सांगितले. आजही लाकडी पोकळ फळ्या बांधणारे हौशी कारागीर निरनिराळ्या देशांत आहेत. त्यांच्या फळ्यांवर वॉर्निशऐवजी बहुधा राळेचे आवरण असते, परंतु आतील फासळ्यांच्या सांगाड्याची मूळ कल्पना ब्लेक यांच्या आराखड्यांशी नाते सांगते.